कातरलेली कड

संगणकाचा इतिहास लिहिणारे बहुधा मोठ्या यंत्रांचा आणि मोठ्या कंपन्यांचा इतिहास लिहितात. घरातल्या एका कोपऱ्यात, शिवणयंत्राशेजारी, प्लॅस्टिकचे आच्छादन घालून ठेवलेल्या संगणकावर सामान्य माणसांनी काय केले याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. त्या यंत्रावर अर्ज टंकित झाले, विम्याच्या हप्त्यांचे हिशेब मांडले गेले, मुलांनी खेळ खेळले आणि घरातील वडीलधाऱ्यांनी कुलवृत्तान्ताच्या याद्या केल्या. याच यंत्रावर आणखी एक काम होई. जुनी छायाचित्रे त्यात घेऊन त्यांच्या कडा कातरल्या जात. काम लहान, दोन मिनिटांचे. परंतु ज्या प्रोग्रॅमने ही कातर घरोघर पोचविली त्याच्यामागे एक वेगळाच व्यवहार होता आणि त्या कातरीने जे गेले ते सगळेच परत मिळण्याजोगे नव्हते. या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार येथे करावयाचा आहे.

छायाचित्र कातरणे ही काही संगणकाची देणगी नव्हे. इंग्रजीतील ‘क्रॉप’ या शब्दाला पीक कापणे आणि केस कातरणे हे दोन्ही अर्थ आहेत. छायाचित्राच्या बाबतीत आपण ‘कातरणे’ म्हटले तर चालण्यासारखे आहे. स्टुडिओत काचेवर जे चित्र उमटे ते सगळेच ग्राहकाच्या हाती येत नसे. छायाचित्रकार त्यातील हवा तेवढा भाग कागदावर उतरवी. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये बांधकाम खात्याच्या नोकरीनिमित्त आमच्या इंदूरला आले आणि येथेच छायाचित्रणाकडे वळले. पुढे हैदराबादच्या निजामाच्या आश्रयाने ते ‘राजा’ दीनदयाळ झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. काचेचे महत्त्व असे की, छापलेल्या चित्रात काहीही कातरले असले तरी काचेवर सारे काही शाबूत राहते.

वृत्तपत्रांच्या कचेरीतही हेच होई. संपादक छायाचित्रावर रंगीत पेन्सिलीने चार रेघा ओढून देई आणि ठसा करणारा तेवढ्याच भागाचा ब्लॉक करी. ब्लॉकचा आकार चौरस इंचांवर होत असल्याने अनावश्यक आकाश आणि भिंती गाळण्यात पैशाचीही बचत होती. मात्र मूळ छायाचित्र रेघांसकट कपाटात परत जाई. कधीकधी या कातरीने चित्राचा इतिहासच बदलला आहे. ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे आल्बेर्तो कोर्दा यांनी चे गेव्हारा यांचे जे छायाचित्र टिपले, त्यात एका बाजूला दुसऱ्या एका माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ताडाच्या जातीच्या झाडाची पाने होती. दोन्ही कातरल्यावर जो चेहरा उरला तो जगभर भिंतींवर आणि सदऱ्यांवर पोचला. तरीही पूर्ण निगेटिव्ह जपलेली होती, म्हणूनच आज आपण ही गोष्ट सांगू शकतो. कातरणारा हात व्यावसायिक होता, आणि त्या हाताच्या मागे मूळ प्रत सांभाळणारी व्यवस्था होती. घरगुती संगणकाने कातर आपल्या हाती दिली. ही व्यवस्था मात्र तिच्याबरोबर आली नाही.

आता ती कातर आली कशी ते पाहू. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक नवा होता आणि त्यावरील प्रोग्रॅम महाग होते. कॅलिफोर्नियातील अँड्र्यू फ्लूगलमन हे मूळचे वकिलीचे शिक्षण घेतलेले, पुढे संपादक झालेले गृहस्थ. दूरध्वनीच्या तारेवरून एका संगणकातील मजकूर दुसऱ्यात पाठविणारा ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. तो विकावा कसा या विचारात असता त्यांना तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीची रीत आठवली. ती वाहिनी कार्यक्रम सर्वांना दाखवी आणि मधूनमधून प्रेक्षकांना वर्गणीचे आवाहन करी. फ्लूगलमन यांनी तेच केले. प्रोग्रॅमची नक्कल कोणीही करावी, मित्राला द्यावी. उपयोगी वाटल्यास पंचवीस डॉलर पाठवावेत. या रीतीला त्यांनी ‘फ्रीवेअर’ हे नाव दिले आणि ते नाव आपल्या नावे नोंदवून घेतले.

योगायोग असा की, त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात आय.बी.एम.मध्येच नोकरीस असलेले जिम नॉफ यांनी पत्ते व नोंदी ठेवण्याचा एक प्रोग्रॅम मित्रमंडळींत वाटला होता आणि टपालखर्चासाठी दहा डॉलरची विनंती त्यात घातली होती. दोघांचा परिचय झाला. नॉफ यांनी आपल्या प्रोग्रॅमचे नाव ‘पीसी-फाइल’ असे बदलले आणि दोघांनीही रक्कम पंचवीस डॉलर ठेवली. व्यवसायासाठी नॉफ यांनी ‘जिम बटन’ असे नाव धारण केले होते. जर्मन भाषेत ‘नॉफ’ म्हणजे गुंडी. प्रतिसाद एवढा आला की, १९८४ मध्ये त्यांनी आय.बी.एम.ची नोकरी सोडली. १९८३ मध्ये बॉब वॉलेस यांनी ‘पीसी-राइट’ हा लेखनाचा प्रोग्रॅम काढला. मायक्रोसॉफ्टच्या अगदी आरंभीच्या नोकरवर्गापैकी ते एक होते. ‘फ्रीवेअर’ हे नाव दुसऱ्याच्या मालकीचे असल्याने त्यांनी आपल्या रीतीला ‘शेअरवेअर’ म्हटले आणि तोच शब्द पुढे रूढ झाला. त्यांची योजना आणखी एक पाऊल पुढे होती. पंचाहत्तर डॉलर भरून नोंदणी करणाऱ्याला स्वतःचा क्रमांक मिळे, आणि त्याने वाटलेल्या प्रतीवरून दुसऱ्याने नोंदणी केली तर पहिल्याला पंचवीस डॉलर परत मिळत. १९८७ मध्ये अशा लेखकांनी आपली संघटनाही स्थापन केली. फ्लूगलमन मात्र हे पाहावयास राहिले नाहीत. १९८५ च्या जुलैमध्ये ते बेपत्ता झाले. त्यांची मोटार गोल्डन गेट पुलाजवळ सापडली.

आपल्या वाचकांना ही रीत अगदीच अपरिचित वाटू नये. मराठी नियतकालिकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले आहे. नमुना अंक पाठवावयाचा, सोबत विनंतीपत्र जोडावयाचे आणि वर्गणीची वाट पाहावयाची. काही जण वर्गणी पाठवितात, काही जण अंक आवडीने वाचतात आणि वर्गणी विसरतात. तरीही अंक निघत राहतो. शेअरवेअर हा नमुना अंकाचाच व्यवहार होता. फरक एवढाच की, येथे नमुना अंक आणि पूर्ण अंक एकच होता.

चित्रांचे प्रोग्रॅम या प्रवाहात जरा उशिरा आले, कारण आधी चित्रे साठविण्याची सोय व्हावी लागली. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने ‘जिफ’ हा चित्रप्रकार प्रसृत केला. त्यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावत. छायाचित्रांसाठी तज्ज्ञांच्या संयुक्त मंडळाने तयार केलेले ‘जेपेग’ हे मानक १९९२ चे. ते येईपर्यंत चित्रप्रकारांचा असा गोंधळ होता की, एका प्रोग्रॅमने केलेले चित्र दुसऱ्यात उघडेल याचा भरवसा नसे. घरगुती चित्रप्रोग्रॅमांचा जन्म बहुधा या अडचणीतूनच झाला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉबर्ट व्हॉइट नावाच्या एका व्यावसायिक वैमानिकाने १९९० मध्ये ‘पेंट शॉप’ हा प्रोग्रॅम काढला. एका प्रकारचे चित्र दुसऱ्या प्रकारात बदलणे आणि त्यावर काही साध्या क्रिया करणे एवढेच त्याचे प्रारंभीचे काम होते. तोच पुढे ‘पेंट शॉप प्रो’ या नावाने वाढला. मॅकिंटॉश यंत्रांसाठी जर्मनीतील थॉर्स्टन लेम्के यांचा ‘ग्राफिक कन्व्हर्टर’ १९९२ मध्ये आला. मूळचे बोस्नियातील आणि व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात शिकलेले इरफान श्किल्यान यांनी १९९६ मध्ये ‘इरफानव्ह्यू’ काढला; तो घरगुती वापरासाठी आरंभापासून विनामूल्य आहे. या सर्वांत आयताकृती भाग निवडून बाकीचे कातरण्याची सोय होती.

आज भ्रमणध्वनीवर छायाचित्र कातरणे ही हौस आहे. त्या काळी ती गरज होती, हे आकड्यांवरून ध्यानी येईल. सहा इंच रुंद आणि चार इंच उंच असे रंगीत छायाचित्र दर इंचास ३०० ठिपके या प्रमाणाने यंत्रात घेतले की, १,८०० गुणिले १,२०० म्हणजे २१,६०,००० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट धरल्या तर ६४,८०,००० बाइट झाल्या. त्या वेळच्या साडेतीन इंची फ्लॉपीवर १४,७४,५६० बाइट मावत. म्हणजे एक छायाचित्र दाबून लहान न करता न्यावयाचे तर पाच फ्लॉप्या लागत. घरच्या यंत्राची कार्यस्मृती पुष्कळदा चार किंवा आठ मेगाबाइट असे आणि त्यातला बराचसा भाग विंडोजच व्यापून बसे. असे चित्र उघडले की यंत्र जड होई, तबकडी बराच वेळ घरघर करीत राही आणि आपण चहा घेऊन येत असू. त्याच चित्रातला मधला १,००० गुणिले ७०० ठिपक्यांचा भाग ठेवला तर आकार २१,००,००० बाइटवर, म्हणजे एक तृतीयांशाच्या आत येई. कडा कातरणे हा काटकसरीचा मार्ग होता, आणि काटकसर आमच्या पिढीला सद्गुणच वाटत आली.

क्रिया सोपी होती. उंदराचे बटण दाबून धरून चित्राच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत जावयाचे. मागे तुटक रेघांची चौकट उमटे. सूचीतून कातरण्याची आज्ञा द्यावयाची. चौकटीबाहेरचे सारे नाहीसे होई. आता ‘सेव्ह’ म्हटले की जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल येई. ‘सेव्ह अ‍ॅज’ म्हणून दुसरे नाव दिले तरच मूळ राही. आज्ञा मागे घेण्याची सोय फाइल बंद करेपर्यंतच. जेपेग प्रकारात आणखी एक गोम होती. तो प्रकार चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करून प्रत्येकातील बारीक तपशील कमी करतो. त्यामुळे चित्र उघडून, कातरून पुन्हा साठविले की उरलेल्या भागातलाही थोडा तपशील जाई. या चौकोनांच्या सीमारेषांवरच कातरून बाकीच्या चित्रास धक्का न लावण्याची युक्ती पुढे आली. इरफानव्ह्यूतही ती जोडली गेली. आम्हां हौशी मंडळींना तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते.

शिवाय पडदा लहान होता. बहुतेकांच्या पडद्यावर आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके. १,६०० ठिपके रुंदीचे चित्र संपूर्ण पाहावयाचे तर ते एक तृतीयांश करूनच पाहावे लागे. चित्रात साठ ठिपके रुंद असलेला चेहरा पडद्यावर वीस ठिपक्यांचा दिसे, म्हणजे डोळे-नाक ओळखू येऊ नये एवढा. कातरीचा निर्णय मनुष्य नेमका या लहान केलेल्या चित्राकडे पाहून घेत असे. पुढील हकीकतीत या गोष्टीला महत्त्व आहे.

हे प्रोग्रॅम आपल्याकडे आले ते बहुधा हातोहात. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. इंदूर-उज्जैनसारख्या गावी ते घरात येण्यास आणखी काळ गेला. तोवर कोणाचा मुलगा पुण्याहून फ्लॉपी आणी, कोणाला संगणकविषयक मासिकाबरोबर चकती मिळे. माझ्याकडे ‘पेंट शॉप प्रो’ आला तो कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या मुलाकडून, १९९७ मध्ये. प्रोग्रॅम उघडला की आरंभीच एक पाटी येई. तीस दिवस वापरून पाहावा, पसंत पडल्यास नोंदणी करावी, आज अमुकवा दिवस आहे. एकतिसाव्या दिवशी तो बंद पडेल अशी माझी समजूत होती. तो बंद पडला नाही. पाटीवरचा आकडा तेवढा वाढत राहिला. तो शंभरावर गेला तेव्हा मला थोडे चुकल्यासारखे झाले. दोनशेच्या पुढे मी तो वाचणे सोडून दिले.

नोंदणीचे शुल्क ६९ डॉलर होते. त्या वेळच्या भावाने सुमारे अडीच हजार रुपये. रकमेपेक्षा ती पाठविण्याची अडचण मोठी होती, असे मी स्वतःला सांगत असे, आणि त्यात तथ्यही होते. तेव्हा १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा लागू होता. त्याच्या जागी आलेला सौम्य कायदा १ जून २००० पासून अमलात आला. राज्य शासनाच्या नोकराने परदेशी ड्राफ्टसाठी बँकेत जाऊन ‘घरच्या फोटोंची कडा कापण्याचा प्रोग्रॅम’ हे कारण लिहावे, ही कल्पनाच अवघड वाटे. परंतु पुढे कायदा सैल झाला, क्रेडिट कार्डे आली, मुलगा नोकरीस लागला. तरीही ते ६९ डॉलर गेले नाहीत. तेव्हा अडचण कायद्याची होती एवढेच म्हणून भागणार नाही. दुसऱ्याच्या देयकांवर आयुष्यभर ‘पावती जोडावी’ असा शेरा मारणाऱ्या माणसाने ही कबुली देणे योग्य होय. ऑक्टोबर २००४ मध्ये ती कंपनी कॅनडातील कोरेल कंपनीने घेतली. तोवर पाहून ठरवा आणि मग पैसे द्या हा मूळचा व्यवहार बहुतेक ठिकाणी संपत आला होता. मुदत संपली की कुलूप लागणारे प्रोग्रॅम आले होते. त्याला आम्हीच कारण झालो असे म्हणणे फुशारकीचे होईल. एवढे मात्र खरे की, ज्यांनी पैसे पाठविले त्यांच्या जोरावर ही रीत जगली आणि आम्ही त्यांत नव्हतो.

आता हकीकत. १९९८ मध्ये आमच्या घराण्याचे संमेलन भरावयाचे होते आणि त्यानिमित्त कुलवृत्तान्ताची छोटी पुस्तिका काढावयाची होती. होळकरशाहीत पणजोबांचे वडील चाकरीनिमित्त इकडे आले तेव्हापासूनची वंशावळ तयार होती. छायाचित्र एकच होते. १९३६ च्या सुमारास आमच्या एका काकांच्या मुंजीत वाड्याच्या चौकात काढलेले. मध्यभागी खुर्च्यांवर पणजोबा, आजोबा आणि इतर कर्ती मंडळी, पुढे सतरंजीवर मुले, मागे सुवासिनी. चुलतभावाकडून ते मागविले, बाजारातल्या एका दुकानात यंत्रात घेववले आणि फ्लॉपीवरून घरी आणले. पुस्तिकेतील जागा अर्ध्या पानाची. चित्राच्या दोन्ही अंगांना बरीच मोकळी जागा आणि ओसरीचे खांब दिसत होते. मी चौकट आखली, आज्ञा दिली, चित्र सुबक झाले. समाधानाने ‘सेव्ह’ म्हटले. सारे मिळून पाच मिनिटे लागली असतील.

पुस्तिका वाटली गेली. सर्वांनी कौतुक केले. आठवड्याने माझ्या आत्या घरी आल्या. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट होते आणि छायाचित्रातील डाव्या टोकाची परकरी मुलगी म्हणजे त्याच. पुस्तिका उघडून त्यांनी स्वतःच्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “हा माझ्या खांद्यावरचा हात कोणाचा रे? माईआजीला कुठे घालवलंस?”

मी पाहिले. मुलीच्या खांद्यावर चार बोटे होती. मनगटापासून पुढे चित्र संपत होते.

माईआजी म्हणजे पणजोबांची बहीण. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. सोवळी असल्याने मुंजीसारख्या मंगलकार्यात ती पुढे येत नसे. स्वयंपाकघर तिच्याकडे असे. छायाचित्रासाठी सगळे जमले तेव्हा ती खांबाआड उभी होती. सहा वर्षांची आत्या एकटी उभी राहीना, रडू लागली; म्हणून माईआजी अर्धी पुढे आली आणि तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात छायाचित्र निघाले. ओसरीचा खांब म्हणून मी जे कातरले त्यात गडद लुगडे नेसलेली आणि डोक्यावरून पदर घेतलेली ती उभी होती. वीस ठिपक्यांच्या चेहऱ्यात मला ती दिसली नाही. दिसती तर मी ती ठेवली असती का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. चित्र सुबक करावयाचे मनात होते, आणि सुबक चित्रात कर्ती मंडळी मधोमध असतात. उत्तर माझ्या बाजूचे येईलच असे मला खात्रीने म्हणता येत नाही.

मूळ पुन्हा यंत्रात घेऊ असे ठरले. दुकानदाराने आपल्याकडील फाइल केव्हाच काढून टाकली होती. माझ्याकडची मीच पुसली होती. छायाचित्र चुलतभावाकडे परत गेले होते. आज जाऊ, उद्या जाऊ यात तीन वर्षे गेली. २००१ च्या पावसाळ्यात त्यांच्या घरी भिंतीला ओल आली, छायाचित्र काचेला चिकटले आणि काच सोडविताना त्याचा वरचा पापुद्रा निघून आला. डावी बाजू पूर्ण गेली.

आमच्या वंशावळीत माईआजीचे नाव नव्हते. त्या काळच्या वंशावळीत मुलींची नावे घालीत नसत. जमिनीच्या कोणत्याही कागदावर ते असण्याचा संभव नव्हता. ती या घरात होती याचा एकच दृश्य पुरावा होता. छायाचित्रकाराने तिला कडेला ठेवले, निदान चित्रात ठेवले. मी ते उरलेलेही काढून टाकले. महसूल खात्यात असताना जुन्या कागदाचा समास कोणी कापला तर मी जाब विचारीत असे, कारण खरा शेरा पुष्कळदा समासातच असतो. घरच्या कागदाला मी तो नियम लावला नाही.

माझी चूक घरगुती होती. परंतु ही चूक घरांपुरती राहिलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये दावोस येथे पाच तरुण पर्यावरण कार्यकर्त्यांचे छायाचित्र असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने प्रसृत केले, तेव्हा डाव्या कडेची युगांडातील व्हनेसा नकाटे कातरली गेली होती. त्या पाच जणींत कृष्णवर्णीय ती एकटीच. मागची इमारत नको म्हणून कातरले, असा खुलासा झाला. पुढे संस्थेने क्षमा मागितली. मला तो खुलासा खोटा वाटला नाही. मीही खांबच कातरला होता. फरक एवढाच की, तेथे मूळ चित्र शिल्लक होते आणि ते पुन्हा पूर्ण छापता आले.

उलट प्रकारही पुढे घडला. मार्च २०२३ मध्ये असे उघडकीस आले की, गूगलच्या पिक्सेल भ्रमणध्वनीत आणि विंडोजच्या एका साधनात कातरलेला भाग फाइलमध्ये तसाच मागे राहत होता. नवे लहान चित्र जुन्याच फाइलवर लिहिले जाई, पण जुन्या फाइलची उरलेली शेपटी तोडली जात नसे. त्यामुळे जाणकारास कातरलेल्या चित्राचा बराचसा भाग परत मिळविता येई. लोकांनी पत्ते, बँकेच्या कार्डांचे क्रमांक झाकण्यासाठी कडा कातरल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने ही भयंकरच गोष्ट. दोष लवकरच दुरुस्त करण्यात आला. ती बातमी वाचताना मात्र मला क्षणभर वाटले की, १९९८ मधला माझा प्रोग्रॅमही असाच सदोष असता तर बरे झाले असते. तो आपले काम चोख करीत होता.

आपल्यासारख्या दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मूळ मुलूख सोडून आलेल्या घराण्यांजवळ ताम्रपट क्वचितच असतात. एखादी सनद, काही मोडी कागद आणि एक-दोन समूहचित्रे, एवढीच बहुतेकांची दप्तरे. आज ती चित्रे नव्या पिढीच्या हातातील यंत्रावर क्षणात कातरली जातात. माझे सांगणे एवढेच आहे. आधी पूर्ण चित्र, पुठ्ठ्यासकट आणि छायाचित्रकाराच्या शिक्क्यासकट, जसेच्या तसे घेऊन दोन ठिकाणी ठेवावे. मग घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस ते मोठे करून दाखवावे आणि कडेला कोण उभे आहे ते विचारून लिहून घ्यावे. पुरुषांना मधल्या खुर्च्यांवरची नावे ठाऊक असतात. कडेची नावे स्त्रियांनाच ठाऊक असतात. त्यानंतर कातर चालवावयास हरकत नाही.

आत्या २००९ मध्ये गेल्या. त्याआधी त्यांनी सांगितले तसे माईआजीचे वर्णन, तिचे माहेरचे व सासरचे नाव आणि छायाचित्राची ही हकीकत मी एका कागदावर लिहून घेतली आणि पुस्तिकेच्या प्रत्येक उपलब्ध प्रतीत त्या पानाशी चिकटवली. सत्तावीस प्रती मिळाल्या. बाकीच्या प्रतींत मुलीच्या खांद्यावर चार बोटे आहेत आणि ती कोणाची हे त्या घरांत कोणास ठाऊक नाही. ज्यांच्याकडे ती पुस्तिका असेल त्यांनी कळवावे. कागद मी पाठवीन. त्याची वर्गणी नाही.